आधी मोजा, मग नाव द्या: कॉर्टेक्सच्या जन्मजात बिघाडांचं वर्गीकरण

‘पॅकिजायरिया’, म्हणजे कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराच्या) वळ्या कमी आणि रुंद असणं, हा शब्द एमआरआयच्या रिपोर्टात फार स्वस्तात पडतो. ५ मिमीच्या स्लाइसवर कॉर्टेक्स जाड दिसला, वळ्या कमी वाटल्या, की लिहिला पॅकिजायरिया. त्याच मुलाचा १ मिमीचा स्कॅन उघडला की त्या ‘जाड’ पट्ट्यात बारीक चुण्या दिसू लागतात आणि निदान पॉलिमायक्रोजायरियावर, म्हणजे फार बारीक आणि फार जास्त वळ्यांवर, येतं. पहिलं नाव लिहिलं की एलआयएस१, डीसीएक्स असे जीन शोधले जातात. दुसरं लिहिलं की आधी सायटोमेगॅलोव्हायरस म्हणजे सीएमव्ही, गर्भातला रक्तपुरवठा आणि २२क्यू११ डिलीशन (२२व्या क्रोमोसोमचा एक तुकडा गळणं) यांचा विचार होतो. नाव चुकलं की पॅनल, म्हणजे तपासायच्या जीनची यादी, चुकते, आईवडिलांचे पैसे जातात, आणि ‘जेनेटिक टेस्ट नॉर्मल’ असा कागद हातात पडतो. पुढच्या गरोदरपणात हाच कागद खोटा दिलासा देतो.

खालची रीत रेडिऑलॉजी, बालरोग आणि न्यूरॉलॉजीच्या रेसिडेंटना समोर ठेवून लिहिली आहे. तिच्यात मोजमाप आधी येतं, नाव नंतर.

चौकट कुठून आली

गर्भात कॉर्टेक्स तीन टप्प्यांत घडतो आणि हे टप्पे एकमेकांवर चढलेले असतात. आधी व्हेंट्रिकलच्या (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या) भिंतीलगत पेशींची वाढ होते. मग न्यूरॉन तिथून पृष्ठभागाकडे प्रवास करतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू झालेला हा प्रवास साधारण २४व्या आठवड्यापर्यंत बहुतांशी संपतो. त्यानंतर थरांची, वळ्यांची आणि जोडण्यांची मांडणी होते, ती जन्मानंतरही चालू राहते. बार्कोविच आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये याच टप्प्यांवर वर्गीकरण उभं केलं आणि २००१, २००५ व २०१२ मध्ये ते सुधारलं.

पहिल्या गटात पेशींची संख्या किंवा जातच बिघडलेली असते: मायक्रोसेफली (लहान डोकं), मेगॅलेन्सेफली (मोठा मेंदू), हेमिमेगॅलेन्सेफली (मेंदूची एकच बाजू मोठी), ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातले कॉर्टेक्समधले ट्यूबर आणि टाइप दोनचा फोकल कॉर्टिकल डिसप्लेसिया (कॉर्टेक्सच्या एखाद्या जागेपुरता बिघाड). दुसऱ्यात प्रवास बिघडतो: लिसेन्सेफली (अगायरिया-पॅकिजायरियाचा गुळगुळीत मेंदू), बँड हेटरोटोपिया (वाटेत अडकलेल्या न्यूरॉनचा पट्टा), नोड्युलर हेटरोटोपिया (तशाच न्यूरॉनच्या गाठी). कॉबलस्टोनही याच गटात येतो, पण तिथे न्यूरॉन अडकत नाहीत, मुक्काम ओलांडून पुढे जातात. तिसऱ्यात मांडणी बिघडते: पॉलिमायक्रोजायरिया आणि स्किझेन्सेफली.

ही चौकट पाठ करायला सोपी आहे, फिल्म वाचायला मात्र अपुरी. टीयूबीए१ए या एकाच जीनमुळे लिसेन्सेफलीही होते आणि पॉलिमायक्रोजायरियासारखं चित्रही. डब्ल्यूडीआर६२ तर मायक्रोसेफली, जाड कॉर्टेक्स आणि हेटरोटोपिया अशा सगळ्या घरांत डोकावतो. म्हणून २०२० मध्ये न्यूरो-मिग या युरोपियन गटाने व्यवहारी सूचना काढल्या. त्यांचा भर एमआरआयवर दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या खुणांवर आहे. आधी दिसतं ते लिहायचं, मग गट ठरवायचा, आणि जीन सगळ्यांत शेवटी.

स्कॅन कसा हवा

शक्यतो ३ टेस्लाचं एमआरआय मशीन. खाली येणारी टी१, टी२, फ्लेअर, एसडब्ल्यूआय ही एमआरआयच्या सिक्वेन्सची, म्हणजे चित्रांच्या प्रकारांची, नावं. टी१ थ्री-डी, सर्व दिशांना १ मिमी, मध्ये गॅप नाही. टी२ निदान अ‍ॅक्सियल आणि कोरोनल, ३ मिमी किंवा पातळ. दोन वर्षांवरच्या मुलाला थ्री-डी फ्लेअर १ मिमी. कॅल्शियम आणि जुना रक्तस्राव पकडायला एसडब्ल्यूआय. कॉन्ट्रास्टची एरवी गरज नसते, ट्यूमरची शंका असेल तरच. फिट्ससाठी स्कॅन असेल तर हार्नेस प्रोटोकॉल मागा. त्यात १ मिमीचा टी१, १ मिमीचा फ्लेअर आणि हिप्पोकॅम्पसला काटकोनात घेतलेला २ मिमीचा कोरोनल टी२ असतो. सगळं मिळून अर्धा तास, म्हणजे लहान मुलाला भूल किंवा झोपेचं औषध लागणारच. पुन्हा पुन्हा भूल द्यायला नको म्हणून पहिल्याच वेळी पूर्ण प्रोटोकॉल करून घेतलेला बरा.

वयाचं गणित इथे सगळ्यांत जास्त फसवतं. जन्मतः व्हाइट मॅटरमध्ये (कॉर्टेक्सखालच्या पांढऱ्या भागात) मायलिन, म्हणजे मज्जातंतूंवरचं चरबीचं आवरण, फारसं नसतं. टी२ वर व्हाइट मॅटर पांढरं आणि कॉर्टेक्स काळपट असतो, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत टी२ उत्तम दिसतो. मायलिन चढत जातं तसा करड्या-पांढऱ्यातला फरक पुसट होतो. साधारण ६ ते १८ महिने हा काळ सर्वांत वाईट, आणि पुढे दोन वर्षांपर्यंतही सावधच राहायचं. या वयात ‘नॉर्मल’ आलेल्या एमआरआयचा अर्थ ‘आत्ता दिसलं नाही’ एवढाच घ्या आणि २४ ते ३० महिन्यांच्या दरम्यान स्कॅन पुन्हा करा. पहिल्या सहा महिन्यांतला स्कॅन असेल तर त्याची सीडी जपून ठेवायला सांगा. टाइप दोनचा डिसप्लेसिया कधी कधी तिथेच स्वच्छ दिसतो, आणि तोही उलट रंगात, म्हणजे टी२ वर काळसर. मायलिन चढल्यावर तोच भाग अर्धवट लपतो.

छापील फिल्मवर वर्गीकरण करायला बसू नका. डायकॉम सीडी मागा. विंडो अरुंद करा म्हणजे करडं आणि पांढरं वेगळं उठून दिसेल, आणि तिन्ही प्लेनमध्ये सरकवत पाहा.

पायरी पहिली: डोकं मोजा

मेंदू पाहण्याआधी टेप घ्या. न ताणणारी टेप, भुवयांच्या वर आणि मागे सगळ्यांत फुगीर भागावरून, तीनदा मोजायचं आणि मोठा आकडा घ्यायचा. केसांची वेणी किंवा अंबाडा सोडून. पाच वर्षांपर्यंत डब्ल्यूएचओच्या तक्त्यावर ठेवा आणि पर्सेंटाइल न लिहिता एसडी (सरासरीपासूनचं प्रमाण विचलन) लिहा. उणे २ एसडीच्या खाली मायक्रोसेफली, उणे ३ च्या खाली तीव्र. अधिक २ च्या वर मॅक्रोसेफली, पण डोकं मोठं म्हणजे मेंदू मोठा असं नव्हे. पाणी साठलेलं असू शकतं, म्हणून मेगॅलेन्सेफली हा शब्द एमआरआय पाहिल्याशिवाय वापरू नका. जन्माच्या वेळचा घेर डिस्चार्ज कार्डावर शोधा: जन्मतः लहान असलेलं डोकं आणि नंतर वाढ थांबलेलं डोकं यांचे रस्ते वेगळे असतात. आईवडिलांचीही डोकी मोजा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि घराण्यातच मोठी डोकी असतील तर पुष्कळ तपासण्या वाचतात.

डोकं फार लहान, वळ्या थोड्या आणि खाचा उथळ, पण कॉर्टेक्सची जाडी नॉर्मल, साधारण ३ मिमी: ही मायक्रोसेफली विथ सिम्प्लिफाइड जायरल पॅटर्न. एएसपीएम आणि डब्ल्यूडीआर६२ हे इथले नेहमीचे जीन. डोकं उणे ३ च्या खाली आणि कॉर्टेक्सही जाड, गुळगुळीत असेल तर ती मायक्रोलिसेन्सेफली. दोन्हींत फरक करायला जाडी मोजावीच लागते, नजरेच्या अंदाजावर भागत नाही.

पायरी दुसरी: जाडी, आणि मग पृष्ठभाग

नॉर्मल कॉर्टेक्स साधारण २ ते ४ मिमी असतो. सेंट्रल सल्कसच्या मागची भिंत पातळ असते, पुढची जाड, हे लक्षात ठेवा. मोजताना कॅलिपर कॉर्टेक्सला काटकोनात लावा. कलती स्लाइस कॉर्टेक्सला तिरपं कापते आणि ३ मिमीचे ६ मिमी दिसतात. एखादी जागा एकाच प्लेनमध्ये जाड दिसत असेल तर दुसऱ्या प्लेनमध्ये ती तशीच आहे का ते पाहिल्याशिवाय लिहू नका. रिपोर्टातले कितीतरी ‘फोकल थिकनिंग’ या एका सवयीने गळून पडतील.

नंतर दोन खाचांमधलं अंतर मोजा. वळी ३ सेंमीहून रुंद असेल तर अगायरिया (वळ्या जवळपास नाहीतच). दीड ते ३ सेंमी असेल तर पॅकिजायरिया. जाडी क्लासिक लिसेन्सेफलीत १० मिमीच्या वर, कधी २० पर्यंत जाते. या जाड पट्ट्यात टी२ वर एक बारीक पांढरी रेघ पृष्ठभागाला समांतर जाताना दिसली तर तो पेशी विरळ असलेला थर असतो, आणि एलआयएस१ किंवा डीसीएक्सच्या बाजूने तो मोठा पुरावा आहे. ५ ते १० मिमीची, ती रेघ नसलेली लिसेन्सेफली दिसली तर एआरएक्स किंवा आरईएलएनकडे वळा.

लिसेन्सेफली कळली की पुढचा प्रश्न: जास्त कुठे, पुढे की मागे? मागे जास्त असेल तर एलआयएस१. पुढे जास्त असेल तर डीसीएक्स, किंवा चेहऱ्याची ठेवण वेगळी असेल तर एसीटीबी आणि एसीटीजी१. पुढे जास्त, कॉर्टेक्स फार जाड नाही, आणि सेरेबेलम (मागचा छोटा मेंदू) अगदी इवलंसं व बिनवळ्यांचं असेल तर आरईएलएन. कॉर्पस कॅलोसम (मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा) नाही, बेसल गँग्लिया (मेंदूच्या आतले करडे गोळे) बिघडलेले, मुलगा आहे आणि जननेंद्रियं अस्पष्ट आहेत, तर एआरएक्स. डीसीएक्स एक्स क्रोमोसोमवर असल्याने तोच बदल मुलग्यात लिसेन्सेफली आणि मुलीत बँड हेटरोटोपिया करतो. मुलाला लिसेन्सेफली असेल तर आईला कधी फिट्स आल्या होत्या का हे विचारा, आणि जमल्यास तिचाही एमआरआय पाहा: तिच्यात पातळ बँड सापडू शकतो.

पॉलिमायक्रोजायरिया: वेळ इथे द्या

इथेच सर्वाधिक गफलत होते. पॉलिमायक्रोजायरियात वळ्या फार बारीक आणि फार जास्त असतात, आणि लगतच्या वळ्यांचे बाहेरचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. बाहेरून पाहिलं तर पृष्ठभाग चक्क गुळगुळीतही दिसू शकतो. म्हणून पृष्ठभाग सोडा आणि आतली कड पाहा, जिथे करडं संपून पांढरं सुरू होतं. नॉर्मलमध्ये ती रेघ सलग वाहते. लिसेन्सेफलीत ती जाड कॉर्टेक्सखाली गुळगुळीत राहते. पॉलिमायक्रोजायरियात ती करवतीच्या दात्यांसारखी, ठिपक्याठिपक्यांची होते. साडीच्या निऱ्या दाबून शिवल्या तर वरून सपाट आणि आतून घड्या राहतात, तसंच हे. १ मिमीचा टी१ सॅजिटलमध्ये घेऊन सिल्व्हियन फिशरच्या (मेंदूच्या बाजूच्या मोठ्या खाचेच्या) बाजूने सरकवा. फिशर नेहमीपेक्षा वर आणि मागे, पॅरायटल लोबपर्यंत गेलेलं दिसेल आणि त्याच्या काठाने या चुण्या असतील. सिल्व्हियन फिशरचा परिसर ही या बिघाडाची सर्वांत आवडती जागा.

वयामुळे इथेही रूप बदलतं. मायलिन चढण्याआधी तो २ ते ४ मिमीचा पातळ, नागमोडी पट्टा दिसतो. मायलिन चढल्यावर तोच ५ ते ८ मिमीचा जाड, जरा खडबडीत पट्टा दिसतो. दोन स्कॅन शेजारी ठेवून ‘बिघाड वाढला’ असं लिहिणं चूक. कॉर्टेक्स आहे तोच आहे, कडेचा रंग बदलला. आत वळलेल्या अशा कॉर्टेक्समध्ये एखादी मोठी वेडीवाकडी शीरही दिसते. तिला एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) म्हणून घरच्यांना घाबरवू नका.

कॉबलस्टोन पॉलिमायक्रोजायरियासारखाच दिसतो, पण त्याच्या सोबतीच्या खुणा वेगळ्या असतात: ब्रेनस्टेम मोडल्यासारखा वाकलेला किंवा पॉन्स बारीक, सेरेबेलममध्ये बारीक सिस्ट, व्हाइट मॅटरचा सिग्नल बिघडलेला, आणि मूल मऊ, ढिलं. वॉकर-वॉरबर्ग या तीव्र प्रकारात हायड्रोसेफलस आणि डोळ्यांचे दोष येतात. अशा मुलाची सीपीके (रक्तातलं स्नायूंचं एन्झाइम) तपासा. ती हजारोंमध्ये असेल तर हा स्नायूंचा रोग आहे, मेंदूतला बिघाड त्याचाच भाग आहे, आणि पुढच्या भुलीआधी अ‍ॅनेस्थेशियावाल्यांना हे सांगावंच लागतं. दोन्ही बाजूंना पुढच्या आणि पॅरायटल भागात कॉर्टेक्स बिघडलेला, पण सीपीके नॉर्मल असेल तर एडीजीआरजी१ आठवा. जुन्या लेखनात त्याचं नाव जीपीआर५६ आहे आणि तिथे त्याला पॉलिमायक्रोजायरियाच म्हटलेलं सापडतं.

आणखी एक शब्द नवा आहे पण कामाचा: डिसजायरिया. जाडी नॉर्मल, आतली कड गुळगुळीत, पण वळ्यांची दिशा आणि खाचांची खोली विचित्र. अशा वेळी ‘अ‍ॅटिपिकल पॉलिमायक्रोजायरिया’ असं ढोबळ न लिहिता डिसजायरिया लिहा आणि लगेच बेसल गँग्लिया पाहा. कॉडेट आणि पुटामेन एकमेकांना चिकटलेले, फ्रंटल हॉर्न आकड्यासारखे वळलेले, ब्रेनस्टेम एका बाजूला लहान: हे ट्युब्युलिन जीनच्या बिघाडाचं ओळखपत्रच आहे.

फट आणि चुकलेले न्यूरॉन

स्किझेन्सेफली म्हणजे पृष्ठभागापासून व्हेंट्रिकलपर्यंत आरपार गेलेली फट, आणि तिच्या दोन्ही भिंतींवर करडा थर. भिंतीवर करडा थर नसेल, नुसती खूण किंवा पांढरा भाग असेल, तर ती पोरेन्सेफली, म्हणजे कॉर्टेक्स घडून गेल्यावर झालेली इजा. ओठ उघडे असतील तर कुणालाही दिसते. मिटलेले असतील तर व्हेंट्रिकलच्या भिंतीवर बारीक टोक ओढल्यासारखं दिसतं, ते शोधा. सेप्टम पेल्युसिडम (दोन व्हेंट्रिकलमधला पातळ पडदा) आहे का तेही पाहा.

हेटरोटोपियाची कसोटी एकच, आणि ती कडक आहे: गाठ सर्व सिक्वेन्सवर करड्या भागाच्याच रंगाची हवी. टी१ वर जुळते पण टी२ वर नाही, असं चालत नाही. व्हेंट्रिकलच्या भिंतीवरच्या गाठी तशा जुळत नसतील आणि एसडब्ल्यूआयवर कॅल्शियम दिसत असेल, तर त्या बहुधा ट्यूबरस स्क्लेरोसिसच्या. कॉडेटची शेपटी गाठ म्हणून लिहिली जाते, तेवढं सांभाळा. दोन्ही बाजूंना ओळीने गाठी आणि रुग्ण स्त्री असेल तर एफएलएनए तपासा आणि इकोकार्डिओग्राफी करायला सांगा, कारण या जीनमुळे हृदयाच्या झडपा आणि महारोहिणीही बिघडतात. गाठींसोबत डोकं लहान असेल तर एआरएफजीईएफ२.

फोकल डिसप्लेसिया: लपलेला आणि महत्त्वाचा

बाकीचे बिघाड नजरेत भरतात, हा दडून बसतो. आणि याला बऱ्याचदा शस्त्रक्रियेचा उपाय असतो, म्हणून इथे कष्ट घ्या. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्स असतील तर आधी ईईजीवाल्यांना आणि फिट प्रत्यक्ष पाहिलेल्या घरच्यांना विचारा: सुरुवात कुठून होते? त्या लोबची एकेक खाच तोंडापासून तळापर्यंत पाहा. डिसप्लेसिया बहुतेक वेळा खाचेच्या तळाशी असतो, वरच्या कडेवर नव्हे. तळाशी जाडी जरा वाढलेली, करड्या-पांढऱ्याची रेघ पुसट, फ्लेअरवर हलकी चमक, आणि त्या तळापासून व्हेंट्रिकलकडे निमुळती होत गेलेली शेपटी. ही शेपटी म्हणजे ट्रान्समँटल साइन. ती दिसली की टाइप दोन बी समोर आलाच समजा. प्रत्येक संशयित जागा समोरच्या बाजूच्या त्याच खाचेशी ताडून पाहा.

नुकतीच दीर्घ फिट आली असेल तर त्या जागी तात्पुरती सूज आणि चमक असते. ती डिसप्लेसियासारखी दिसते. काही आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करा.

टाइप एक, दोन, तीन हे नाव मुळात सूक्ष्मदर्शकाखालचं आहे. इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीने ते २०११ मध्ये ठरवलं आणि २०२२ मध्ये अद्ययावत केलं. टाइप एकमध्ये थर विस्कळीत, पेशी मात्र ठीक. दोन ए मध्ये विकृत न्यूरॉन, दोन बी मध्ये त्यांच्या जोडीला फुग्यासारख्या बलून पेशी. तीन म्हणजे दुसऱ्या मुख्य विकाराच्या लगतचा बिघाड: हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस, ट्यूमर, रक्तवाहिन्यांचा दोष किंवा लहानपणीची इजा. एमआरआयवर टाइप एक ठामपणे सांगता येत नाही. रिपोर्टात ‘टाइप दोन सुचवणारं चित्र’ लिहा, ‘टाइप एक’ लिहू नका. २०२२ च्या सूचनेत टिश्यू, जीन आणि एमआरआय हे तिन्ही थर एकत्र लिहायला सांगितलं आहे. ती सवय चांगली आहे.

ट्यूबर आणि दोन बी सूक्ष्मदर्शकाखालीही जुळे भाऊ आहेत. एकच जागा असेल तर डिसप्लेसिया, अनेक असतील तर ट्यूबरस स्क्लेरोसिस, असा ढोबळ नियम आहे, पण त्याआधी मुलाचे कपडे काढून वूड्स लॅम्पखाली (अतिनील दिव्याखाली) कातडी तपासा. ५ मिमी किंवा त्याहून मोठे तीन पांढुरके चट्टे हा मोठा निकष आहे. घरचे कधी कधी ‘कोड’ समजून ते लपवतात, म्हणून आपण होऊन विचारा. ट्यूबरस स्क्लेरोसिस ठरलं आणि बाळाला इन्फंटाइल स्पाझम (तान्ह्या वयातल्या झटक्यांच्या फिट्स) असतील तर व्हिगाबॅट्रिन हे पहिलं औषध, आणि हा निर्णय दिवसांवर ढकलायचा नसतो.

जीन शोधताना

घराण्याचा इतिहास नीट विचारा. ‘नात्यात लग्न आहे का’ एवढं पुरत नाही. मामाची मुलगी, आत्याचा मुलगा, सख्खा मामा अशी नाती नावानिशी विचारा. एएसपीएम, डब्ल्यूडीआर६२, एडीजीआरजी१ आणि कॉबलस्टोनचे बहुतेक जीन रिसेसिव्ह आहेत, म्हणजे आईवडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. मग चित्राप्रमाणे टेस्ट निवडा. एलआयएस१ मध्ये तुकडाच गळालेला असू शकतो, मिलर-डिकरमध्ये १७पी१३.३ चा मोठा तुकडा जातो. म्हणून आधी गळालेले तुकडे शोधायला क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे, नंतर एक्सोम, म्हणजे सगळ्या जीनचं वाचन. पॉलिमायक्रोजायरियातही मायक्रोअ‍ॅरे आधी, २२क्यू११ आणि १पी३६ साठी. हेमिमेगॅलेन्सेफली आणि डिसप्लेसियात बदल अनेकदा फक्त मेंदूच्या काही पेशींत असतो. रक्तात एमटीओआर किंवा पीआयके३सीए सापडला नाही म्हणून तो नाहीच असं ठरत नाही, शस्त्रक्रियेत काढलेलं टिश्यू तपासावं लागतं. डीईपीडीसी५ मात्र रक्तात सापडू शकतो आणि घरात इतरांनाही असू शकतो.

जंतुसंसर्गाचाही पुरावा गोळा करा. सीएमव्हीत कॅल्शियम बहुधा व्हेंट्रिकलच्या काठाला असतं, झिकात ते कॉर्टेक्स आणि व्हाइट मॅटरच्या सीमेवर. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले आणि त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या, तेव्हा हा फरक आता पुस्तकी राहिलेला नाही. सीएमव्हीसाठी लघवी किंवा लाळेची पीसीआर जन्मानंतर ३ आठवड्यांच्या आत करावी लागते. पुढे पॉझिटिव्ह आली तरी जन्मानंतर लागण झाली असू शकते. नवजात तपासणीचं टाचेचं रक्त टिपकागदावर जपलेलं असेल तर त्यावर उशिराही टेस्ट होते.

एक फिल्म, सुरुवातीपासून

समजा नऊ महिन्यांची मुलगी आहे, इन्फंटाइल स्पाझम आहेत, बाहेरच्या सीटीवर ‘पॅकिजायरिया’. डोकं उणे २.५ एसडी. एमआरआयवर दोन्ही सिल्व्हियन फिशर वर ओढलेली, कॉर्टेक्स एका जागी ३ मिमी नागमोडी, दुसऱ्या जागी ६ मिमी. आतली कड खडबडीत. म्हणजे पॅकिजायरिया गेला. ब्रेनस्टेम आणि सेरेबेलम चांगले, सीपीके नॉर्मल: कॉबलस्टोनही गेला. बेसल गँग्लिया नॉर्मल: ट्युब्युलिन मागे पडले. एसडब्ल्यूआयवर व्हेंट्रिकलच्या काठाला ठिपके, व्हाइट मॅटरमध्ये पांढरे डाग, टेम्पोरल लोबच्या टोकाला सिस्ट. हे चित्र सीएमव्हीकडे बोट दाखवतं आणि पुढची यादी आपोआप तयार होते: बेरा (ऐकण्याची तपासणी), डोळ्यांची तपासणी, टिपकागद मिळतो का ते पाहणं. त्यातून काही हाती आलं नाही तर मायक्रोअ‍ॅरे.

रिपोर्टाची ओळ अशी: ‘दोन्ही बाजूंना सिल्व्हियन फिशरभोवती पॉलिमायक्रोजायरिया, उजवीकडे जास्त, जाडी ३ ते ६ मिमी, व्हेंट्रिकलकाठी कॅल्सिफिकेशन, व्हाइट मॅटरचे डाग, टेम्पोरल सिस्ट, जन्मजात सीएमव्हीशी जुळणारं, वयामुळे मर्यादा, वयाच्या ३०व्या महिन्यात पुन्हा स्कॅन.’ ‘मायग्रेशनल डिसऑर्डर’ ही मोघम ओळ मात्र नको. आता तर पॉलिमायक्रोजायरिया त्या गटात बसतही नाही.

गर्भात दिसलं तर

२४ आठवड्यांआधी गर्भाचा मेंदू जवळजवळ गुळगुळीतच असतो, तेव्हा विसाव्या आठवड्याच्या अ‍ॅनोमली स्कॅनवर ‘लिसेन्सेफली नाही’ असं कुणी सांगू शकत नाही. त्या वयात दिसू शकतात ती सोबतची चिन्हं: व्हेंट्रिकल १० मिमी किंवा जास्त रुंद, कॉर्पस कॅलोसम नाही, वाकलेला ब्रेनस्टेम, उघड्या ओठांची फट. वळ्यांचा निवाडा करायचा तर फीटल एमआरआय २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान लागतो. कायद्याच्या दृष्टीने ही वेळ अडचणीची आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा आहे. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाची परवानगी लागते. म्हणून आधीच्या बाळाचं नाव आणि जीन पक्का करणं हे पुढच्या गरोदरपणाआधीचं काम आहे. जीन माहीत असेल तर ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएसने (वारेचा नमुना तपासून) उत्तर मिळतं. नसेल तर सोनोग्राफीवर महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते.